हात वर करायलाही शिकलो

आम्ही किनाऱ्यावरच्या बचत गटातल्या बायका. मासळी निवडतो, सुकवतो, विकतो. समुद्र रोज दारात, पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नव्हतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात पोहण्याची स्पर्धा होते, तीही काठावरूनच बघायची. मग आमच्यातल्या पाचजणींनी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला सुरुवात केली. गेल्या वर्षी आम्ही समुद्रातल्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरलो. तुमच्यापैकी कोणाला पहिल्यांदा उतरायचं असेल, तर ही तयारी ऐका.

आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल तर लपवू नका. मग तीन महिने हाताशी ठेवा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा विहीर किंवा तलावच बरा. आठवड्यातून चार दिवस पोहायचं, अंतर हळूहळू वाढवायचं. विहिरीत अंतर मोजता येत नाही, म्हणून आम्ही घड्याळ लावायचो. किलोमीटरला अर्धा तास लागत असेल, तर तीन किलोमीटरला दीड तास. तेवढा वेळ न थांबता पोहता आलं पाहिजे. शेवटचा आठवडा मात्र अंगाला विश्रांती द्या.

दसऱ्यानंतर आम्ही समुद्रात सराव केला, तोही कधी एकटीने नाही. सोबत होडी आणि काठावर नजर ठेवणारं माणूस हवंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त, अष्टमीच्या सुमाराला भांग असते तेव्हा कमी. म्हणून सुरुवातीचे सराव आम्ही भांगेच्या दिवसांत ठेवले. पाणी आत ओढू लागलं, तर त्याच्याशी झगडून किनाऱ्याकडे यायला बघू नका; दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत ओढीबाहेर पडा आणि मग काठाकडे वळा.

समुद्राच्या तळावर रेघ नसते. सरळ पोहतोय असं वाटतं आणि आपण भलतीकडेच जातो. म्हणून दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून खूण बघायची. आमची खूण म्हणजे देवळाचा कळस आणि त्याच्या बाजूचा उंच माड. श्वास दोन्ही बाजूंनी घ्यायला शिका, म्हणजे लाट ज्या अंगाने येते तिकडून तोंड फिरवता येतं.

कपड्यांचा प्रश्न घरोघरी निघतो. साडी, ओढणी, सैल कुडता पाण्यात जड होतो आणि पायात अडकतो. अंगभर, पण घट्ट बसणारा पोहण्याचा पोशाख मिळतो. आम्ही तो आणि चष्मा गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतला, हप्तेही फेडले. खाऱ्या पाण्याने काख आणि मान सोलवटते, तिथे आधी व्हॅसलीन लावा. जेलीफिश लागली तर चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे अलगद काढा. श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा.

शर्यतीच्या सकाळी नवं काही खाऊन बघू नका. आम्ही दोन-अडीच तास आधी उकड्या तांदळाची पेज आणि केळं खाल्लं. सुरुवातीला सगळ्याजणी एकदम पाण्यात शिरतात, हातपाय लागतात, छाती धडधडते. पहिल्यांदा उतरणारीने कडेला राहावं आणि पहिली पाच मिनिटं मुद्दाम सावकाश पोहावं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत आमच्यातल्या एकीच्या पायात गोळा आला. ती उताणी झाली, तरंगत राहिली आणि हात वर केला. होडीने तिला उचललं. आम्ही चौघी पोहोचलो, पण घरी जाताना तिच्याशी धड बोललो नाही. गटाचं नाव गेलं असं वाटलं. गावातही कोणी म्हणालं, ‘बायकांचं काम नव्हे ते.’ रात्री तिच्या मुलीने विचारलं, ‘आईने हात वर केला नसता तर?’ आम्हाला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचहीजणी तिच्या घरी एकत्र जेवलो.

१९५९ साली इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या आरती साहा या आशियातल्या पहिल्या महिला. पण त्याच ऑगस्टमध्ये पहिल्या प्रयत्नात प्रवाहाने त्यांना थांबवलं होतं. त्या परत उतरल्या आणि २९ सप्टेंबरला पोहोचल्या.

म्हणून यंदा आमच्या सरावात उताणं तरंगणं आणि हात वर करणं पहिल्या दिवसापासून आहे. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. आपण घरी परत यायला हवं. यंदा ती आमच्यासोबत पुन्हा उतरतेय. पाच हप्ते बाकी आहेत पोशाखाचे, ते भरेपर्यंत तरी सोडणार नाही म्हणते!