किल्ली किती बिटांची?

मजकूर कूटबद्ध करणारी किल्ली जितकी लांब तितकी माहिती सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे. नेटवर्कवरून जाणारा मजकूर किती वर्षं गुप्त राहायला हवा, हे ठरल्याशिवाय बिटांची चर्चा व्यर्थ. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं असतं. रुग्णाच्या नोंदी मात्र जन्मभर जपाव्या लागतात. अमेरिकेने १९७७मध्ये प्रमाण मानलेल्या डीईएस पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती, म्हणजे शक्यता सुमारे ७२ हजार लाख कोटी. ही लांबी अपुरी आहे, असं कूटशास्त्रज्ञ डिफी आणि हेलमन यांनी तेव्हाच बजावलं होतं. १९९८मध्ये अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात बांधलेल्या यंत्राने ती किल्ली ५६ तासांत शोधली. वीस वर्षं जपायचं गुपित ज्याने डीईएसच्या हवाली केलं, तो फसलाच. आपल्याकडचा गोंधळ तर मासलेवाईक: इंटरनेट सेवेच्या परवान्यात ४० बिटांपुढच्या किल्लीला परवानगी लागायची आणि रिझर्व्ह बँक २००१मध्ये बँकांना किमान १२८ बिट सुचवत होती. ४० बिटांची किल्ली १९९७मध्येच साडेतीन तासांत फुटली होती.

मग सगळीकडे सर्वांत लांब किल्लीच का लावू नये? डीईएसच्या जागी आलेल्या एईएसच्या बाबतीत हा आग्रह परवडतो, कारण १२८ऐवजी २५६ बिट घेतले तर दहाच्या जागी चौदा फेऱ्या होतात, एवढंच. सार्वजनिक किल्ली वापरणाऱ्या आरएसए पद्धतीचं तसं नाही. तिथे हल्लेखोर एकेक किल्ली लावून पाहत नाही, मोठ्या संख्येचे अवयव पाडतो. २०२०मध्ये ८२९ बिटांच्या संख्येचे अवयव पडले आहेत. त्यामुळे १२८ बिटांच्या एईएसची बरोबरी करायला आरएसएला ३,०७२ बिट लागतात आणि २५६ बिटांच्या एईएसची करायला तब्बल १५,३६०! एवढं गणित प्रत्येक जोडणीला करताना सर्व्हर मेटाकुटीला येईल. सार्वजनिक किल्लीच्याच इलिप्टिक कर्व्ह पद्धतीत १२८ बिटांएवढं बळ २५६ बिटांत मिळतं. वेब तिकडे वळलं ते उगाच नव्हे.

क्वांटम संगणक आल्यावर हे हिशेब कोलमडतील, हा आक्षेप रास्त आहे, पण तो सर्वांना सारखा लागू नाही. किल्ली शोधण्याच्या ग्रोव्हरच्या क्वांटम रीतीने एईएसचे बिट फार तर निम्मे झाल्यासारखे होतील, म्हणून २५६ बिट पुरेत. अवयव पाडणाऱ्या शोरच्या क्वांटम रीतीपुढे मात्र आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह यांची लांबी वाढवून निभाव लागणार नाही. तिथे पद्धतच बदलावी लागते. आज साठवलेला कूट मजकूर उद्याही उकलता येत असल्याने हा बदल दीर्घकाळ जपायच्या माहितीपासून सुरू व्हावा. ऑगस्ट २०२४मध्ये प्रमाणित झालेल्या एमएल-केईएम या क्वांटमरोधक पद्धतीच्या मधल्या श्रेणीची सार्वजनिक किल्ली १,१८४ बाइटची आहे, प्रचलित इलिप्टिक कर्व्ह किल्लीच्या ३२ बाइटपुढे अगडबंब. तरीही क्रोमसारखे ब्राउझर दोन्ही जोडीने वापरू लागले आहेत.