कासव नर की मादी?

हैदराबादेत मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे कासव मूळचे अमेरिकेचे. (देशी चांदणी कासव पाळणे कायद्याने गुन्हा आहे.) ते नर की मादी, असे आम्हांला पुष्कळदा विचारतात. साधारण १० सेंटिमीटर लांबी होईपर्यंत ते ओळखणे कठीण. दुकानदार सांगेल तो निव्वळ अंदाज समजावा. पुढे नराच्या पुढच्या पायांची नखे लांबलचक होतात, शेपटीही जाड व लांब. मादी अंगाने मोठी, नखे आखूड.

हे कळणे गरजेचे आहे. नर नसला तरी मादी अंडी घालते. उकरायला ओलसर माती वा वाळू मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून ती दगावू शकते. तिला वाळूची पेटी द्यावी. कंटाळा आला म्हणून हुसेनसागरात मात्र सोडू नये. तेथल्या देशी कासवांचे अन्न ती पळवील. आणि मुलांनी कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याच्या अंगावर जुलाबाचे जंतू असतात.