फोटोतला बाजा

तुळशीचे लग्न लागले की आमच्या बारामती-इंदापूरकडे माणसांच्या लग्नांची गर्दी सुरू होते. त्याआधी धावपळ उडते ती बँडवाल्यांची. नवे ट्रम्पेट परवडत नाही. मग मोबाईलवर विक्रीला आलेली जुनी वाद्ये पाहणे आलेच. या विषयातले थोडेफार कळते म्हणून असे फोटो पुष्कळदा माझ्याकडेही येतात.

वाचकहो, फोटोवरून स्थळ पसंत करण्यात जो धोका, तोच येथेही! लकाकीला भुलू नये. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. वादकाचा दमट श्वास ज्या नळीत प्रथम शिरतो, तिच्यातले जस्त हळूहळू निघून जाते. त्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले, तर कीड आतून बाहेर आली असे समजावे. ती पॉलिशने जात नाही. नळीच बदलावी लागते.

मग कोरलेले नाव पाहावे. माल मीरतचा असो, की विलायती. अक्षरे पुसट झाली असतील, तर घासून घासून पत्रा पातळ झाला आहे. फोटो तिरप्या उन्हात काढायला सांगावा. पत्र्यावरची उजेडाची रेघ जेथे एकदम वाकते, तेथे पोचा असतो.

पण ट्रम्पेटचा खरा जीव तीन पिस्टनांत. १८१८ साली बर्लिनमध्ये झडपेचे पेटंट घेतले गेले. त्यापूर्वीच्या साध्या कर्ण्यातून मोजकेच सूर निघत. मधला पिस्टन दाबला की स्वर अर्ध्या सुराने उतरतो, पहिल्याने एका, तिसऱ्याने दीड. विक्रीच्या फोटोत मात्र हे पिस्टन आत दडलेले! ते बाहेर काढून, कापडावर मांडून फोटो मागवावा. उभे ओरखडे आणि उडालेला मुलामा म्हणजे वारा गळण्याची भीती. शिवाय एक व्हिडिओही मागावा. पिस्टन न दाबता त्याची सरकती नळी थोडी बाहेर ओढायची, क्षणभर थांबायचे आणि मग पिस्टन दाबायचा. ‘फट्’ असा आवाज आला, तर पिस्टन घट्ट आहे. नळी हललीच नाही, तर ती जाम झाली आहे.

एवढे करायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, की सौदा तेथेच सोडावा. ऐन वरातीत पिस्टन अडकला तर नवरदेवाचा घोडा थांबत नाही. बिदागी मात्र कापली जाते, आणि त्या बिदागीवर बँडमधल्या दहा-बारा घरांची चूल पेटायची असते.