मृत्युनोंदींतून कुटुंबाचा इतिहास

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे गाव ज्या सरदार घराण्याच्या नावाने ओळखले जाते, त्या घराण्याचा माग ऐतिहासिक कागदपत्रांतून काढता येतो. परंतु त्याच गावातील एखाद्या शेतमजुराच्या पणजीचा माग कोठून काढावा? जमिनीचे दप्तर प्रामुख्याने जमीन असणाऱ्यांची नावे जपते. मृत्यूची नोंद मात्र जमीन पाहून होत नाही. भूमिहीन माणूस, विधवा, अल्पवयात गेलेले मूल यांच्या अस्तित्वाचा तोच कधी कधी एकमेव लेखी पुरावा असतो. म्हणून सामान्य कुटुंबाच्या इतिहासात या साधनाला विशेष महत्त्व आहे.

शोधाची पूर्वतयारी

प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. वर्षश्राद्धाची तिथी अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवली जाते. तिच्यावरून मराठी महिना कळतो, वर्ष कळत नाही. ‘प्लेगच्या साथीत’, ‘मोठ्या दुष्काळात’ अशा आठवणींवरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. घरच्या वहीत शके असल्यास त्यात सामान्यतः ७८ मिळवावेत. शके १८४० म्हणजे १९१८, अर्थात इन्फ्लुएन्झाच्या साथीचे वर्ष.

नोंद कोठे मिळते?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ महाराष्ट्रात १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या ग्रामीण नोंदींसाठी ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे ‘कोतवाल बुका’त पाहाव्यात. ही बुके सामान्यतः तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. तळेगावसाठी हे ठिकाण शिरूर होय. जुन्या नोंदी अनेकदा मोडी लिपीत असल्याने मोडी वाचकाचे साहाय्य घ्यावे लागते.

मृत्यूची नोंद राहत्या गावी नव्हे, तर जेथे मृत्यू घडला त्या ठिकाणी होते, हे लक्षात ठेवा. तळेगावची व्यक्ती पुणे शहरातील रुग्णालयात निवर्तली असेल, तर नोंद पुणे महानगरपालिकेकडे शोधावी. विवाहित स्त्रीची नोंद बहुधा सासरच्या गावी व पतीच्या नावासह आढळते.

नोंद कशी वाचावी?

मृत्युनोंदीतील माहिती मृत व्यक्तीने दिलेली नसते. ती नातलगाने किंवा गावकामगाराने दिलेली असते. त्यामुळे मृत्यूची तारीख तुलनेने विश्वसनीय, तर वय अंदाजे मानावे. ‘साठ’, ‘सत्तर’ असे पूर्णांकी वय दिसल्यास अधिकच सावध राहावे. मृत्यूच्या कारणापुढे केवळ ‘ताप’ लिहिलेला असेल, तर त्यावरून नेमका आजार ठरवू नये. मात्र थोड्याच दिवसांत एका घरातील अनेक नोंदी आढळल्या, तर साथीची शक्यता पडताळून पाहावी.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच कुळात समान नावे पुन्हा पुन्हा येतात. म्हणून केवळ नाव जुळले म्हणजे पूर्वज सापडला, असे समजू नये. वडिलांचे किंवा पतीचे नाव, अंदाजे वय आणि गाव या तिन्ही बाबी पाहाव्यात. कुटुंबाकडे जमीन असल्यास मृत्यूनंतरची वारसनोंद व फेरफार यांच्याशी तारीख ताडून पाहावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील वंशावळीही यासाठी उपयोगी पडतात. दोन स्वतंत्र साधनांनी दुजोरा दिला, तर नाते अधिक खात्रीने मांडता येते.

नोंद न सापडणे म्हणजे ती व्यक्ती नव्हतीच, असा अर्थ होत नाही. काही मृत्यू कळवलेच जात नसत, काही बुके जीर्ण झाली आहेत. अशा ठिकाणी वंशावळीतील जागा तर्काने भरण्यापेक्षा रिकामी ठेवणे हेच इतिहासाच्या शिस्तीला धरून आहे.

स्वाध्याय

तुमच्या कुटुंबातील आजी किंवा पणजी यांपैकी एकीची मृत्युनोंद शोधा. नोंदीतील प्रत्येक माहितीपुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘संदिग्ध’ असा शेरा लिहा आणि त्याचे कारण एका वाक्यात द्या.