कॅसिनोतील गणित आणि घरातील हिशेब

उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आले की नायगारा, वॉशिंग्टन आणि अटलांटिक सिटी हा आम्हा न्यू जर्सीकरांचा ठरलेला कार्यक्रम. समुद्र पाहायचा, बोर्डवॉकवर फिरायचे आणि इथवर आलोच आहोत तर म्हणून कॅसिनोत वीस डॉलर घालवायचे. दोन वर्षांपूर्वी माझे वडील असेच एका स्लॉट मशीनपुढे बसले. विसाचे चाळीस झाले, चाळीसाचे पाच राहिले. "बाबा, उठा आता," म्हटले तर म्हणाले, "अरे थांब, मघापासून हे नुसते खाते आहे. आता द्यायला आलेच असेल."

बाबांनी आयुष्यभर बँकेत लोकांचे हिशेब तपासले. तरीही त्यांना असे वाटले, कारण तसे वाटावे अशीच ती यंत्रे बांधलेली असतात. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, तेव्हा आत काय चालते ते सांगतो.

मशीनमधला संगणक सतत यादृच्छिक आकडे तयार करीत असतो. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी निकाल ठरतो. चाके नंतर फिरतात, ती केवळ देखाव्यासाठी. मागच्या शंभर खेळ्यांत काय झाले याची नोंद निकाल काढताना कोणी पाहत नाही, त्यामुळे मशीन 'द्यायला येणे' हा प्रकारच नाही. १९८४ साली इंगे टेल्नेस या गृहस्थांना यासंबंधी एक पेटंट मिळाले. समजा डोळ्यांना दिसणाऱ्या चाकावर २२ जागा आहेत. संगणकाच्या आतल्या चाकावर मात्र ६४ असू शकतात. जॅकपॉटच्या चित्राला त्यांतली एकच जागा द्यायची आणि त्याच्या लगेच वरच्या-खालच्या कोऱ्या घरांना पुष्कळ द्यायच्या. तीन चाके पाहून आपल्याला वाटते, दहा हजारांत एकदा तरी लागेल. प्रत्यक्षात ती शक्यता २,६२,१४४ मध्ये एक असते. शिवाय 'अगदी एका घराने हुकले' हे दृश्य वारंवार दिसते. ते योगायोगाने दिसत नाही.

न्यू जर्सीच्या नियमानुसार स्लॉट मशीनने लावलेल्या पैशांपैकी किमान ८३ टक्के परत द्यावे लागतात. समजा तुमचे मशीन ९० टक्के देते. म्हणजे शंभर डॉलर घेऊन गेलो तर दहाच जातील असे वाटते ना? तसे होत नाही. मिनिटाला दहा खेळ्या, खेळीला पन्नास सेंट, म्हणजे तासाला तीनशे डॉलर लागतात, कारण तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरतात. त्याचे दहा टक्के म्हणजे सरासरीने तासाला तीस डॉलर गेले.

मुंबईच्या मटक्यातही हेच तत्त्व होते. (हा मटका आधी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर खेळला जाई, हे आमच्या पिढीला ठाऊक नसते.) आकडे दहा, पण एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ. तो दहावा रुपया मालकाचा.

आता थोडे स्वतःविषयी. बाबांना ही शिकवण देणारा मी त्याआधीच एका हंगामात ११,४०० डॉलर घालवून बसलो होतो, आणि तेही कॅसिनोची पायरी न चढता.

१९९२ च्या कायद्याने बहुतेक राज्यांत खेळांवरील पैजांना बंदी होती. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, आणि खटला न्यू जर्सीचाच असल्याने आपल्याकडे लगेच दुकाने उघडली. पुढे ती फोनवर आली. २०२२ साली मी फुटबॉल आणि क्रिकेटचे जुने निकाल घालून एक प्रोग्राम लिहिला. इंजिनिअर माणूस, आपल्याला आकडे कळतात हा अहंकार! पहिले तीन आठवडे जिंकलोही. ते जिंकलो नसतो तर बरे झाले असते.

साध्या पैजेत ११० डॉलर लावून १०० जिंकता येतात. हजार पैजा लावल्या आणि बरोबर निम्म्या जिंकल्या, तर ५०,००० मिळतात आणि ५५,००० जातात. नुसते बरोबरीत राहायला ५२.४ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. माझा प्रोग्राम ५१ टक्क्यांवर होता आणि मी त्यावर खूष होतो. चार सामने एकत्र बांधून लावण्याची पैज तर याहून वाईट. चार नाणेफेकी बरोबर ओळखण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे दहा डॉलरला १६० मिळायला हवेत. मिळतात सुमारे १३३. चालू सामन्यात पुढच्या षटकावर लावायचे म्हटले, तर आपल्या टीव्हीवर चेंडू पडतो तेव्हा मैदानावर तो टाकून काही सेकंद होऊन गेलेले असतात, आणि भाव लावणाऱ्याकडे ती माहिती आपल्याआधी पोचलेली असते.

आणखी एक गोष्ट. सातत्याने जिंकणाऱ्यांच्या पैजेवर या कंपन्या मर्यादा घालतात. मला कधीच घातली नाही, यातच सगळे आले.

घराच्या डाउन पेमेंटसाठी वेगळे ठेवलेले पैसे मी थोडे थोडे उचलत होतो. फेब्रुवारीत कराचे कागद जमवताना सौ.ने बँकेचे स्टेटमेंट उघडले. ती ओरडली नाही. एक पेन घेऊन प्रत्येक रकमेपुढे खूण करीत गेली आणि शेवटी बेरीज माझ्यापुढे ठेवली.

तेव्हा कळले ते असे. २०१३ पासून इथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर ठेवलेला आहे. हरलेले भरून काढायला पुन्हा खेळणे, रक्कम वाढवत जाणे, घरी लपवणे ही त्याची लक्षणे. मला तिन्ही लागू होती. १-८००-४२६-२५३७ या क्रमांकावर फोन केला तर नीट ऐकून घेतात आणि समुपदेशकाचे नाव देतात. राज्याच्या गेमिंग एन्फोर्समेंट विभागाकडे स्वतःला वगळण्याची यादी आहे. किमान एक वर्षासाठी नाव घालता येते. मी ऑनलाइन पैजांसाठी पाच वर्षांचे घातले. ही यादी फक्त या राज्यापुरती, शेजारच्या राज्यांत वेगळे नाव घालावे लागते.

कराचा फटका वेगळाच बसला. त्या वर्षी जिंकलेल्या पैजांची बेरीज ९,००० डॉलर आणि हरलेल्यांची २०,४००. जिंकलेले सगळे उत्पन्नात धरावे लागते. हरलेले जिंकलेल्या रकमेपर्यंतच वजा होते आणि तेही वजावटी एकेक करून दाखवल्या तरच. आमच्यासारख्यांना स्टँडर्ड डिडक्शनच फायद्याचे पडते, म्हणून ९,००० वर कर भरला. २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून हरलेल्या रकमेचा ९० टक्के भागच वजा करता येतो. दहा हजार जिंकून दहा हजार हरलात, तरी एक हजारावर कर!

भेटीला आलेल्या आई-वडिलांचा नियम आणखी निराळा. ते इथले करदाते नसल्याने स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागला तर ३० टक्के जागीच कापले जातात, आणि हरलेले वजा करण्याची सोय त्यांना नाही. ब्लॅकजॅक, रूलेट अशा खेळांना ही कपात लागत नाही. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे मी रूलेटवर बसायला हवे होते." मग त्यांना चाकावरची अडतीस घरे मोजायला लावली, आणि जिंकल्यावर पस्तीसपटच मिळते ते सांगितले. त्यांनी चष्मा लावून पुन्हा एकदा मोजली.