विमानाला उशीर झाला तर…

विमानप्रवास हा आता केवळ शहरातल्या बड्या लोकांचा विषय राहिलेला नाही. कोल्हापूर, ओझर, शिर्डी येथून विमाने उडू लागली; कुणाचा मुलगा दिल्लीला पलटणीत आहे, कुणाची लेक बंगळूरला नोकरीला आहे, कोकणातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष आखातात आहे. तेव्हा कधी ना कधी आपल्यालाही त्या काचेच्या दालनात बसून, पाटीवरची वेळ पुढे पुढे सरकताना पाहावी लागणार.

मागे एकदा पुण्याहून दिल्लीला जाताना माझ्या शेजारी एक वयस्क जोडपे बसले होते. विमानाला साडेतीन तास उशीर झाला. बाईंना मधुमेह होता, आणि जवळचे खाणे संपले होते. विमानतळावरच्या चहाची किंमत ऐकून आजोबा नुसतेच परत येऊन बसले. मी त्यांना म्हटले, "अहो काका, काउंटरवर जाऊन जेवणाचे विचारा की." ते म्हणाले, "मास्तर, एस्टी उशिरा आली तर कोण जेवू घालतंय? मग हे कशाला घालतील?" आम्ही दोघे गेलो. तिथे जेवणाची कूपने तयार ठेवलेली होती! मात्र जो मागेल त्यालाच ती मिळत होती. घोषणा झाली नव्हती. झाली असती तरी ती इंग्रजीत झाली असती.

ते कूपन म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय नावाचे सरकारी खाते आहे. त्याने २०१० साली प्रवाशांच्या सोयीसंबंधी नियम केले आणि पुढे त्यांत वेळोवेळी दुरुस्त्याही केल्या. नियम असा, की आपण वेळेवर चेक-इन केलेले असले आणि प्रवास अडीच तासांपर्यंतचा असला, तर दोन तासांच्या उशिराला कंपनीने खाणेपिणे द्यावयाचे. प्रवास अडीच ते पाच तासांचा असेल तर तीन तासांच्या उशिराला, आणि त्याहून लांबचा असेल तर चार तासांच्या उशिराला. देशातल्या देशात उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल, तर दुसऱ्या विमानाने जायचे की सगळे पैसे परत घ्यायचे, हे प्रवाशाने ठरवायचे. विमान रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारे असून उशीर सहा तासांहून जास्त झाला, किंवा एरवी चोवीस तासांहून जास्त झाला, तर हॉटेलात उतरण्याची सोय आणि तिथवर नेण्याआणण्याची व्यवस्था कंपनीची.

आता कुणी विचारील, "उशिराबद्दल रोख पैसे मिळतात का हो?" नुसत्या उशिराबद्दल या नियमांत रोख भरपाई नाही. युरोपात तशी भरपाई मिळते. आपल्याकडे ती सोय ठेवलेली नाही, आणि मला विचाराल तर ही उणीवच आहे. विमान रद्द झाले तर मात्र गोष्ट वेगळी. नियमाप्रमाणे आगाऊ कळवले नसेल, तर एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये. किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार. यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. तिकिटाचे पैसे किंवा दुसरे विमान हे त्याखेरीज.

इथे एक गोम आहे, आणि ती खेड्यातल्या माणसाला फार नडते. प्रवाशाने आपला संपर्क क्रमांक दिलेला नसेल तर ही भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर राहात नाही. आपण तिकीट काढतो तालुक्याच्या एजंटाकडून, आणि तो पुष्कळदा घालतो स्वतःचाच नंबर. कंपनीचा निरोप त्याच्याकडे जातो. तो असतो झोपलेला, आणि आपण पहाटे विमानतळावर! म्हणून तिकीट काढताना "माझा नंबर घाल बाबा" असे बजावून सांगा, आणि घातला की नाही ते छापील तिकिटावर पाहून घ्या.

दुसरी गोम कारणाची. पूर, दंगल, संप, सरकारी हुकूम, हवामान, सुरक्षिततेचा धोका अशा कारणांनी खोळंबा झाला तर भरपाईतून कंपनी सुटते. या यादीत यंत्रातल्या बिघाडाचे किंवा वैमानिक वेळेवर न आल्याचे नाव नाही. पण "कंपनीच्या हाताबाहेरचे इतर कोणतेही कारण" असे एक शेपूट जोडलेले आहे, आणि वाद होतो तो याच शेपटावर. म्हणून उशीर कशामुळे झाला ते तिथल्या तिथे विचारावे आणि शक्य तर लेखी घ्यावे. कागद मिळाला नाही तर फोनवर आलेला निरोप पुसू नका, आणि पाटीचा फोटो काढून ठेवा.

हवामानाचे कारण सांगितले म्हणून सगळेच मिटले असेही नाही. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीहून हैदराबादला जाणारे एक विमान धुक्यामुळे कित्येक तास खोळंबले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०११ साली निकाल झाला. धुक्यामुळे झालेला उशीर हा सेवेतला दोष नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्या कंपनीने खाणेपिणे पुरवले होते, म्हणून प्रवाशाला मिळालेली भरपाईही रद्द झाली. परंतु खोळंबलेल्या प्रवाशांच्या खाण्यापिण्याची, स्वच्छतागृहाची किमान सोय करणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, मग तिचे तिकीट कितीही स्वस्त असो, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. धुके कुणाच्या हातात नसते. पाण्याचा पेला देणे हातात असते. आमच्या मधुमेही काकूंच्या दृष्टीने सारा निकाल त्या पेल्यात आणि घासात आला.

आगगाडीचेही एक प्रकरण इथे सांगण्याजोगे आहे. जम्मूला जाणारी गाडी सुमारे चार तास उशिरा पोचली, आणि एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने पुराव्याने दाखवावे. नाही दाखवले तर भरपाई द्यावी. परदेशी विमानप्रवासालाही साधारण हेच सूत्र आहे. मॉन्ट्रियल करार भारताने २००९ साली स्वीकारला. त्याप्रमाणे उशिरामुळे झालेले नुकसान ठराविक मर्यादेपर्यंत मागता येते, आणि शक्य ते सारे केले होते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. सामान उशिरा हाती आले तर तक्रार एकवीस दिवसांत, मोडके आले तर सात दिवसांत लेखी करायची, हे आखातातून येणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

तक्रार कुठे करायची? आधी कंपनीकडे, लेखी. मग सरकारच्या 'एअरसेवा' या व्यवस्थेकडे, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, दिल्ली-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. गावातल्या शिक्षकांनी असा एखादा अर्ज लिहून द्यायला हरकत नसावी. अर्जात तारीख, विमानाचा क्रमांक, सुटायची वेळ, प्रत्यक्ष सुटल्याची वेळ, सांगितलेले कारण आणि खिशातून झालेला खर्च एवढे आले म्हणजे पुरे. सोबत खर्चाच्या पावत्या आणि बोर्डिंग पासचा तुकडा जोडावा. तो तुकडा विमानातून उतरल्यावर पुष्कळ लोक फेकून देतात.