अक्का लंडनला आली होती: परदेशात शिकताना घरचं माणूस आलं तर

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा पडेल, कारण त्यात आकडे आणि पत्ते आहेत. विषय साधा आहे. तुम्ही बाहेर शिकताय आणि घरून बहीण किंवा भाऊ येतोय, तर त्याला काय दाखवायचं, कसं दाखवायचं? मी २०२३ मध्ये लंडनला एमएस्सी करत होतो आणि जूनमध्ये अक्का नऊ दिवसांसाठी आली. (थोरल्या बहिणीला अक्का म्हणणं हे आमच्या सोलापूरचं. कानडी-तेलुगूच्या शेजाराचा गुण.)

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. आमचा चादरीचा कारखाना आहे. बाबांनंतर तो अक्काच बघते. माझ्या फीसाठी तिने दोन माग विकले होते. त्यामुळे ती फिरायला येत होती हे खरं, पण पैसे कुठे गेले तेही तिला बघायचं होतं. तसं ती बोलली नाही. मला कळत होतं.

व्हिसाचं थोडक्यात. भावाने लिहिलेलं आमंत्रणपत्र सक्तीचं नसतं आणि त्यावर भिस्तही ठेवू नका. व्हिसा देणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की हे माणूस परत जाईल का. तेव्हा इन्कम टॅक्सचे रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, कारखान्याची नोंदणी असे तिचे स्वतःचे कागद पक्के करा. बोटांचे ठसे द्यायला पुण्यात केंद्र आहे, एका दिवसात जाऊन येता येतं.

खाण्याचं म्हणाल तर शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल मागवा. पेढे, तूप, खवा मात्र नको. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. हे आईला पटवणं व्हिसापेक्षा अवघड गेलं.

आता प्रवास. लंडनमध्ये दोघांना दोन कार्डं लागतात. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. दिवसभर तेच कार्ड वापरलं की ठरावीक मर्यादेनंतर पैसे कापायचे थांबतात, पण मध्येच कार्ड बदललं तर हिशोब तुटतो. भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा कार्ड लावायचं, बसमध्ये फक्त चढताना. बसचं तिकीट माझ्या वेळी १.७५ पाउंड होतं आणि तासाभरात बस बदलली तर पुन्हा पैसे पडत नव्हते. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. अक्का पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्ट शंभराने गुणत होती. तो हिशोब थांबवायला सांगू नका, थांबत नाही. त्यापेक्षा फुकटातल्या चांगल्या गोष्टी आधी दाखवा. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, सगळीकडे कायमची दालनं मोफत आहेत.

सायन्स म्युझियममध्ये मी तिला नेलं ते खरं तर माझ्या हौसेपोटी. चार्ल्स बॅबेजने आराखडा केलेलं गणित करणारं यंत्र तिथे आहे. त्याच्या हयातीत ते झालंच नाही, म्युझियमने १९९१ मध्ये बांधून दाखवलं. मी समजावू लागलो की याच माणसाने आणखी मोठ्या यंत्राचीही कल्पना केली आणि त्याला हुकूम द्यायला भोकं पाडलेली कार्डं वापरायची ठरवलं. अक्का म्हणाली, “म्हणजे जॅकार्डच की रे.”

आणि मग तिनेच मला सांगितलं. बीटेक करून जे मी वरवर वाचलं होतं, ते. जॅकार्डमध्ये आडव्या धाग्याच्या एकेका फेरीला एक कार्ड असतं. कार्डात भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा आकडा सरळ राहतो, वरच्या पट्टीत अडकतो आणि ताण्याचा तो धागा उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, आकडा पट्टीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. धोटा मधून निघून जातो. चादरीवरचा मोर म्हणजे अशी शेकडो कार्डं, एकापुढे एक. फ्रान्समध्ये जॅकार्डने हे १८०४ च्या सुमारास केलं, बॅबेजने ते तिथून उचललं. “एक कार्ड उलटं लागलं तर अख्ख्या मोराची मान मोडते,” ती म्हणाली, “मग सगळी चळत काढून शोधायचं.” आमच्यात याला डीबगिंग म्हणतात. त्या दिवशी माझं शिक्षण काय आहे हे तिला पहिल्यांदा कळलं असं मला वाटतं. मी दोन वर्षं फोनवर सांगत होतो, ते जमलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं, की शहर दाखवताना यादी बाजूला ठेवा. पाहुणं ज्या धंद्यात मुरलंय, त्याच्या जवळचं काहीतरी शोधा.

दुसरी जागा १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. बाबासाहेब १९१६ मध्ये लंडनला शिकायला आले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे पुढच्याच वर्षी त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा आले आणि शिक्षण पूर्ण केलं. हे ऐकून अक्का बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “तुझे अजून किती भरायचेत?” मी आकडा सांगितला. तोवर तो मी घरी कुणालाच सांगितला नव्हता. तिने रस्त्यावरच फोनमध्ये हिशोब मांडला आणि म्हणाली, “बसतंय. तिसरा माग काढायचा नाही, एवढं बघ.”

असं बोलणं घरात किंवा हॉटेलात होत नाही, चालताना होतं. त्यामुळे दिवसाला एकच ठिकाण ठरवा आणि भरपूर चाला. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो.

आणि एक दिवस त्यांना एकटं सोडा. माझा प्रबंध चालू होता, त्यामुळे सोडावंच लागलं. कॅम्डेन टाऊनहून चोवीस नंबरची बस घ्यायची, वरच्या मजल्यावर पुढे बसायचं. ट्रफाल्गर चौक, मग पार्लमेंट, सगळं एका तिकिटात. अक्का गेली, उतरली, परत आली. संध्याकाळी तिने घरी फोन लावला आणि तासभर आईला लंडन सांगत बसली. मी पलीकडे कोड लिहीत होतो.